आत्याचं बोलणं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. सांगायला बसले की डोकं फिरतं — राग स्वतःचाच, आणि तो ओसरत नाही.

डोंगरकड्याला, आमच्या गावी असताना मी घरातली एक वस्तू धड ठेवली नाही. रेडिओ खोल, पंखा खोल. वडील हात उगारायचे, तेव्हा आमच्याकडेच राहणारी आत्या मध्ये पडायची. "खोलू दे तिला. जोडंल बराबर." त्या खोलण्या-जोडण्यातूनच मी इंजिनिअरिंगला गेले, पुढं पुण्यात संशोधनाला. कॉम्प्युटरला मराठी बोलणं समजायला शिकवायचं, हे आमचं काम. शेतकऱ्यानं फोनवर भाव विचारावा, मशीननं सांगावा.

मशीन शिकतं ते माणसांच्या आवाजावरून. म्हणून सुट्टीत मी स्वतः जोडलेला माईक घेऊन गावी गेले, माणसं बोलती केली. आत्या तर घसा बसेपर्यंत बोलली. हौसेनं.

प्रयोगशाळेत ते रेकॉर्डिंग लावलं. "काहून", "येऊन राहिली" ऐकून बरोबरची पोरं हसली. एकानं विचारलं, "ही कोण?"

"असंच — गावातली एक बाई."

काय तोंड म्हणायचं हे? जळायला हवं होतं. पोरांबरोबर मीही हसले. आणि मग — गावाकडचे सगळेच आवाज पुसून टाकले. सरांना सांगितलं, खरखर फार आहे. साफ खोटं. तितके स्वच्छ आवाज आमच्याकडे दुसरे नव्हते. मशीन शिकलं ती शहरातली मराठी.

तुम्हाला वाटेल, एवढंच? एवढ्यावर भागलं असतं तर —

चाचणीसाठी सरांनी माझंच गाव निवडलं. आत्या नवं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी हजर. फोन कानाला लावून तिनं आमच्या बाजाराच्या गावचा भाव विचारला, "जवळा बाजारला सोयाबीनचा भाव काय चालून राहिला?"

"समजलं नाही. पुन्हा बोला."

ती पुन्हा बोलली. मोठ्यानं बोलली. मशीनचं तेच. लोक हसायला लागले. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"माझं बोलणंच खराब हाय का गं?"

खोट मशीनमध्ये होती. कुणी घातली, मला ठाऊक होतं. पण सर शेजारी उभे होते ना! मी खेकसले, "आत्या, जरा शुद्ध बोल की!"

तिनं फोन खाली ठेवला आणि घरी गेली. लाईन खराब होती, असं मी सरांना सांगितलं. पदवी मिळाली मला. पेढे वाटले.

तेव्हापासून फोनवर आत्या माझ्याशी शब्द निवडून बोलते. "तू कशी आहेस? जेवण झाले का?" मध्येच अडखळते. चुकलंसं वाटलं की गप्प होते, मग तेच वाक्य पहिल्यापासून म्हणते.

मी ऐकून घेते. आत्या, तुझं काही चुकत नाही — एवढं तोंडातून काढलेलं नाही मी. अजूनही नाही.