चौथा साचा

आमचे हे कवळ्या करतात. सगळा रस्ता ह्यांना ‘कवळीवाले’ म्हणतो आणि मला अर्थातच ‘कवळीवाली’, माझे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असूनही. दवाखान्यातून तोंडाच्या मापाचे प्लास्टरचे साचे येतात, त्यावर हे काम करतात. बोलणं म्हणाल तर दिवसाला दहा शब्द. उरलेलं सगळं मी बोलते. साच्यांच्या पाठीवर लाल पेन्सिलीने तारीख घालायचं कामही माझंच.

एकदा एवढासा साचा आला, अर्ध्या लिंबाएवढा. महिन्याच्या मुलीचा. तोंडातली टाळू मधोमध दुभंगलेली, त्यामुळे दूध नाकातून बाहेर यायचं. ती फट झाकायला पातळ पट्टी करायची, म्हणजे बाळाला पिता येतं, वजन वाढतं आणि मग ऑपरेशन होतं. सगळं त्या वजनावर अडलेलं. जन्मभर म्हाताऱ्यांची बोळकी भरणारा हा माणूस त्या पट्टीची कड तीन दिवस घासत बसला. घासायची, धुवायची आणि स्वतःच्या ओठावरून फिरवून बघायची, कुठे टोचत तर नाही ना.

बाळाचं तोंड वाढतं तशी पट्टी लहान पडते, म्हणून महिन्या-दीड महिन्याने नवा साचा येतो. दुसरा जरा मोठा आला, तिसरा आणखी मोठा. हे ते खिडकीत ओळीने मांडायचे, कंपासने मोजायचे आणि म्हणायचे, “ठमाबाई वाढतायत.” त्या दिवशी ह्यांना दोन घास जास्त जायचे. आम्हाला मूल नाही. ठमी हे नाव ह्यांनीच ठेवलेलं. तिचा चेहरा आम्ही कधी पाहिला नव्हता, पण ती आमच्या घरातलीच झाली होती.

चौथा साचा आला. ह्यांनी कंपास लावला. तिसऱ्याइतकाच, केसभरही फरक नाही.

“असं कसं?” हे पुटपुटले.

“कसं म्हणजे? घोळ घातला असेल दवाखान्यातल्यांनी,” मी म्हटलं. माझी जीभ मुळातच तिखट. साच्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘जुना’ असं लिहिलं, वर चिठ्ठी जोडली, ‘डॉक्टर, बाळ वाढलं, तुम्ही कधी मोठ्या होणार?’ आणि दिला परत धाडून.

आठ दिवसांनी डॉक्टरीणबाई स्वतः साचा घेऊन आली. पोरगीच ती, डोळे लाल झालेले.

“काकू, साचा नवाच होता. मलाही वाटलं, आमचीच चूक. आज बाळ आलं तेव्हा मोजून पाहिलं. ते वाढलंच नाहीये. वजन दुसऱ्या दवाखान्यात करतात, तिकडची फेरी त्यांची चुकली होती. पट्टी छान बसते हो, पण पिता पिता बाळ दमतं. हृदयात दोष निघालाय.”

त्यानंतर बाराव्या दिवशी ठमी गेली. आठ दिवस आधी कळलं असतं तरी काही होऊ शकलं नसतं, असं डॉक्टरीणबाई शपथेवर सांगते. मी मान डोलावते. पण ती चिठ्ठी आठवली की हातातला घास हातातच राहतो.

महिन्याभराने दारात एक तरुण बाई आली. हातात साबणाची डबी आणि डबीत तिन्ही पट्ट्या, धुऊनपुसून ठेवलेल्या.

“काका, दुसऱ्या कुठल्या बाळाला होतील का या?”

“नाही गं पोरी. ज्याची त्यालाच बसते.”

तिने डबी मिटली. मग म्हणाली, “साचे असतात ना तुमच्याकडे? शेवटचा मला द्याल?”

ह्यांनी चारही आणून तिच्यापुढे ठेवले. तिने एकेक उलटून पाहिला आणि चौथा बाजूला सारला.

“हा जुना आहे. मला शेवटचा हवाय.”

जन्मात पहिल्यांदा माझ्याआधी हे बोलले, “तोच शेवटचा. आमच्याकडून चुकून लिहिलं गेलं.” आमच्याकडून म्हणाले, बघा.

“मी लिहिलं,” मी म्हटलं. “ती वाढली नाही हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, जुनाच साचा पाठवला.”

तिने वर पाहिलं नाही. साचा उचलला. रोज पट्टी बसवायच्या आधी जात असेल तसं तिचं बोट आपोआप त्या फटीवर गेलं. प्लास्टरमध्ये मुरलेली पेन्सिल पुसून निघत नाही, खरवडावी लागते. ह्यांनी चाकू घेतला आणि साच्यासाठी हात पुढे केला.

तिने साचा छातीशी घट्ट धरला.

“नका काका, खरवडू नका,” ती म्हणाली. “तिचं तोंड आहे ते.”