सावडीने दिलेली तारीख

रेवसच्या जेटीवर आम्हाला पोचवायला घरातलं कोणी आलं नाही. रिक्षावाल्यानेच गादीची वळकटी आणि तांदळाच्या पिठाचा डबा लाँचपर्यंत आणून दिला. भाऊच्या धक्क्याला जाणारी सकाळची लाँच अर्धी रिकामी होती. सायली लॅपटॉपची बॅग मांडीवर घट्ट धरून बसली, मी तिच्या शेजारी. लाँच सुटायच्या जरा आधी तुमचा फोन आला, वयनी. मला वाटलं, निदान सांभाळून जा म्हणाल. तुम्ही म्हणालात, "खोलीची चावी कुठं ठेवलीस? पाहुणे यायचे हायेत, गाद्या काढायच्या हायेत." मी सांगितलं, देव्हाऱ्यामागे आहे. तुम्ही फोन ठेवलात.

ज्या घरात मी लग्न होऊन आले, जिथून माझ्या माणसाला खांद्यावर नेलं, त्या घरातून मी अशी निघाले.

हे तुम्हालाच लिहिते आहे, पण पाठवणार नाही. तुम्ही थोरल्या जाऊबाई, मी धाकटी. तुमच्यासमोर माझी मान कधी वर झाली नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझे शब्द मागेपुढे होतात. कागदावर तसं होत नाही, म्हणून लिहिते.

आपल्या एका घरातून दोन डॉक्टर झाले, तेव्हा गावाने केवढं कौतुक केलं होतं. तुमचा निशांत आणि माझी सायली. दोघं एकाच खाटेवर वाढले, एकाच शाळेत गेले. पुढे तो पैसे भरून शिकला, ती सरकारी कॉलेजात. मग दोघांनी अमेरिकेला जायचं ठरवलं. तिकडे हॉस्पिटलात पुढचं शिक्षण घ्यायचं तर आधी परीक्षा, मग मुलाखत. हल्ली मुलाखत लॅपटॉपवरच होते, तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. हॉस्पिटल बोलावणं पाठवतं, मग त्यांच्या कॅलेंडरमधून आपण तारीख निवडायची. बोलावणी थोडी आणि मुलं फार. म्हणून त्या मुलांत एक रीत आहे. घेतलेली तारीख नको असेल तर वेळेत सोडायची, म्हणजे वेटिंगवरच्या कोणालातरी ती मिळते. अदलाबदल करायची तर हॉस्पिटलच्या ऑफिसला विचारून करायची. आणि घेतलेल्या तारखेला गप्प बसून राहायचं नाही. सायलीने हे मला भाकऱ्या थापताना सांगितलं होतं. समजायला त्यात अवघड काही नव्हतं.

निशांतचा मामा तिकडे आहे. मामाकडे राहून तो तिकडच्या दवाखान्यात काम करून आला होता, त्यामुळे त्याला एकामागून एक बोलावणी येत राहिली. माझ्या सायलीला दोनच आली. त्यातलं एक ज्या हॉस्पिटलाचं होतं, त्याचंच बोलावणं निशांतलाही आलं होतं. कुठल्याशा बर्फाच्या गावातलं लहान हॉस्पिटल. सायलीने त्यांची लवकरची तारीख घेतली. निशांतची तारीख त्यानंतरची, आणि ती नेमकी तुमच्या प्रणालीच्या साखरपुड्याच्या दिवशी आली.

तुम्ही स्वयंपाकघरात आलात तेव्हा मी वाल सोलत होते.

"रंजना, पोरीला सांग, भावाला तारीख दे. बहिनीच्या साखरपुड्याला भाऊ नको?"

"वयनी, तिनं बघून निवडलीय ती," मी म्हटलं. एवढंच म्हणता आलं.

"तारीख घरातच राहतेय ना? भायेर कुठं चाललीय? सावड समज."

सावड. लावणीला आपण करतो ती. आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही. सावडीत माणसाचं नाव नसतं, घराचं असतं. सासू आजारी असली तर सून जाते, सून बाळंतीण असली तर नणंद जाते. घरातलं कोणीतरी बांधावर आलं म्हणजे झालं. तुम्हाला वाटलं, अमेरिकेच्या हॉस्पिटलातही असंच असेल. खरं सांगायचं तर मलाही त्यात फार वावगं वाटलं नाही. आपल्या घरात सगळंच घराचं होतं. माझ्या माणसाचा पगार घराचा होता, त्याच्या मागे मिळालेले पैसे घराचे झाले, मग लेकीची तारीख तेवढी कशी वेगळी राहील.

सायली तुमच्यासमोर नीट बोलली होती. "काकी, दोघांनी ऑफिसला लिहायचं असतं. आणि एकदा बदलली की पाळावी लागते."

"पाळील की. तो काय कुकुलं बाळ हाय?"

पडवीतून मोठे भावजी म्हणाले, "डॉक्टर झाली तरी घरचीच हाय ना ती? का न्हाय?"

निशांत मोबाइलमधून डोकं वर न काढता हसला. "अगं सायले, एक मेल टाकायचा. पाच मिनिटांचं काम."

तिने मेल टाकला. त्यानेही टाकला. ऑफिसातल्या बाईंनी दोघांना चांगल्या शब्दांत कळवलं, की बदल केला आहे. साखरपुडा तिच्या वाट्याला आला आणि तिची तारीख त्याच्या.

ती तारीख आली त्या दिवशी निशांत मुंबईला मित्राकडे होता. तिथे नेट चांगलं असतं म्हणून गेलाय, असं तुम्ही सांगितलंत. रात्री सायलीने त्याला विचारलं, कशी झाली? त्याने अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

साखरपुड्याच्या संध्याकाळी अंगणात स्पीकर लागला होता. सायली मागच्या खोलीत कोट घालून बसली, खाली साधी सलवार. पाहुण्यांची पोरं दार ढकलत होती, म्हणून मी आतून दाराला पाठ लावून जमिनीवर बसले होते. तेवढ्यात तुम्ही दार वाजवलंत. अंगावर जांभळा शालू, हातात ओटीचं ताट.

"सायले, ते निशांतचं विचारतील. सांग, ताप होता."

"कसला ताप, काकी?"

"त्या दिवशी बसला न्हवता तो. दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलाची आली त्याच दिवशी, मग तिकडं बसला. तू सांग ताप होता. घरातलं घरात राहू दे." आणि जाता जाता म्हणालात, "लवकर आटप, फोटोला ये."

माझ्या लेकीच्या तोंडाकडे मी त्या वेळी बघितलं, वयनी. तुम्ही बघितलं नाहीत. लॅपटॉपवर तोवर दोन माणसं आली होती, एक डॉक्टरबाई आणि एक पुरुष.

मला इंग्रजी कळत नाही. पण पहिलाच प्रश्न झाला आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, तेव्हा मला कळलं काय विचारलं ते. नंतर तिने सांगितलं. त्या डॉक्टरबाई म्हणाल्या, तुम्ही ज्यांच्याशी तारीख बदललीत ते तुमचे भाऊ आले नाहीत, बरे आहेत ना? सायली म्हणाली, ताप होता. ती असं का म्हणाली ते मी तिला कधी विचारलं नाही. घरातली माणसं एका तोंडाने बोलतात, हे तिला आपणच शिकवलं होतं. बाईंनी समोरचा कागद बघितला आणि म्हणाल्या, त्यांनी तर आम्हाला लिहिलंय की नेट बंद पडलं होतं.

निशांतने मागाहून मेल टाकला होता, तो आम्हाला सांगावा असं त्याला वाटलं नाही. तुम्ही ताप ठरवलात, त्याने नेट ठरवलं. एकमेकांना विचारायलाही तुम्हाला सवड झाली नाही.

बाहेर अंगठ्या घालून झाल्या, टाळ्या पडल्या. आत माझी लेक काही बोलायला बघत होती आणि ती दोन माणसं मान हलवत होती. मुलाखत निम्म्यावरच आवरली. त्यांनी आभार मानले. कसे मानले असतील ते मला सांगायला नको, पाहुणे नकार देतात तेव्हा पानसुपारी जास्तच गोड बोलून घेतात.

आणि ज्या दिवशी निशांत बसला नाही, त्या दिवशीची खुर्ची तिकडे रिकामी राहिली. कुठलं तरी पोर वेटिंगवर होतं. त्याच्या आईने त्या दिवशी काय केलं असेल, हे माझ्या मनात येतं. तुमच्या मनात येत नाही हे मला माहीत आहे.

शिमग्याच्या सुमाराला निकाल लागला. निशांत लागला, त्या मोठ्या हॉस्पिटलातच. सायली कुठेच लागली नाही. तुम्ही गावजेवण घातलंत आणि वडे तळायला मलाच सांगितलंत, कारण तुमच्या हाताला पीठ जमत नाही. मी तळले. दिवसभर कढईसमोर उभी राहून तळले. वाढायला बाहेर आले तेव्हा तुम्ही पाहुण्यांना सांगत होता, "आमची सायली पन बसली व्हती. पन इंग्रजी कच्चं पडलं बिचारीचं. ज्याचं त्याचं नशीब."

सायली पाण्याचा जग घेऊन माझ्या मागेच उभी होती. तिने जग खाली ठेवला. मोठी नाटकं करायची तिची रीत नाही. रात्रीची भांडी झाल्यावर ती म्हणाली, "आई, मी परत अर्ज करणार आहे. पण या घरातून नाही." मी विचारलं, मी येऊ का? ती म्हणाली, "तुला सोडून कुठे जाऊ?" पुढच्या आठवड्यात आम्ही लाँचवर होतो.

आता घोडपदेवला एका चाळीत खोली आहे. सायली एका खाजगी दवाखान्यात हाऊस डॉक्टर आहे, कधी दिवसाची ड्युटी, कधी रात्रीची. मी एका खानावळीत तांदळाच्या भाकऱ्या करते. तिथे माझ्या भाकरीला नावं ठेवत नाहीत, घरी तुम्ही ठेवत होतात. धक्का जवळ आहे. मासळी आणायला गेले की आपल्याकडच्या बायका भेटतात आणि तुमच्या बातम्या देतात, मी न विचारता. सुरुवातीला मला इथे झोप लागायची नाही. पांढऱ्या कांद्याच्या माळा आठवायच्या, थंडीत शेतात मडक्यात वालाच्या शेंगा भाजून केलेली पोपटी आठवायची, मडकं फोडल्यावर येणारा भांबुर्डीच्या पाल्याचा वास आठवायचा. अजून आठवतो. तो वास तुमचा नाही, त्याचं श्रेय घेऊ नका.

सायलीबरोबर अर्ज केलेल्या दोन मुली अभ्यासाला येतात. त्यातली लातूरची एक, तिला एकाच दिवसाच्या दोन तारखा आल्या. मी चहा गाळत होते. तिने तिथेच बसून एका ठिकाणी लिहिलं की मी येऊ शकत नाही, माझी जागा दुसऱ्याला द्या. मग चहात बिस्कीट बुडवून खाल्लं. झालं. एवढंच होतं ते काम. पाच मिनिटांचं म्हणाला होता ना निशांत? तेवढाही वेळ लागला नाही.

यंदा सायलीला एकच बोलावणं आलं आहे. पहिल्या वर्षी लागलं नाही की दुसऱ्या वर्षी कमी येतात, असं त्या मुली म्हणतात. म्हणजे तारीखही एकच.

आणि तुळशीचं लग्न झालं तसा तुमचा फोन आला. निशांत सुट्टी काढून येतोय, लग्न ठरलंय, हळदीला तुम्ही दोघी पाहिजेत. सायलीला करवली म्हणून उभं राहायचंय. दिवस सांगितलात.

"त्या दिवशी तिची मुलाखत हाय," मी म्हटलं.

"मग बदला. तुमाला काय, आता म्हायती हाय कशी बदलतात ती." आणि हसलात.

"न्हाय बदलणार."

"काय?"

"न्हाय बदलणार, वयनी."

"आगं, चार माणसं विचारतील, सख्खी काकी का न्हाय आली. काय सांगू मी?"

"सांगा, ताप होता."

तुम्ही म्हणालात, शहरात जाऊन तोंड फुटलं तुला. असेल. समोर तुम्ही नव्हता, नुसता फोन होता, म्हणून बोलता आलं. तुम्ही म्हणालात, मग हे घर विसर.

काल तुमच्याकडे हळद होती. इथे संध्याकाळी सायली कोट घालून बसली आणि मी बाहेर गॅलरीत पाट टाकून दाराशी बसले. शेजारच्या बाईंनी टीव्हीचा आवाज आपणहून कमी केला. आतून सायलीचा आवाज येत होता, अडखळत नव्हता. मधे एकदा ती हसली आणि पलीकडचंही कोणी हसलं. मला तुमच्या अंगणातला मांडव दिसत होता, हळदीची गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या दिसत होत्या. निशांतला मीही न्हाऊ घातलंय लहानपणी. वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. पण मी उठले नाही.

दार उघडलं तेव्हा पूर्ण अंधार पडला होता.

"कशी झाली?"

"पूर्ण झाली," ती म्हणाली. "शेवटपर्यंत विचारलं त्यांनी." आणि माझ्या शेजारी पाटावर बसली, कोटासकट.

लागेल की नाही ते फाल्गुनात कळेल. लागलं तर ती जाईल आणि मी इथे एकटी राहीन, तेही मला ठाऊक आहे. नाही लागलं तर परत बघू. कोणी गाव विचारलं तर मी अजून तुमचंच गाव सांगते, कारण दुसरं सांगता येत नाही. पण घर विचारलं तर ही खोली सांगते. पाणी सकाळीच येतं, दोघी झोपलो की पाय ठेवायला जागा राहत नाही. पण इथे सायलीची तारीख सायलीचीच असते.