मोठ्यानं वाचणाऱ्या यमुनाताई

यमुनाताईंना मनातल्या मनात वाचता येत नसे. शिक्षण चौथीपर्यंत, पण पुडीचा कागद असो की कादंबरी, मोठ्यानंच वाचणार. “डोळ्यानं वाचलं की नुसती अक्षरं दिसत्यात. तोंडानं वाचलं की माणसं घरात येत्यात,” असं त्यांचं म्हणणं. पिंपरीच्या चाळीत आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती. त्यामुळे ती माणसं माझ्याही घरात येत.

त्या कुरुळीच्या शेतकरी घरातल्या, मी लग्न होऊन रत्नागिरीकडून आलेली. दोघींचे नवरे एकाच कारखान्यात. एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. माझं पहिलं बाळ पोटातच गेलं आणि सगळी चाळ समजूत घालायला लोटली. मी कुणाशी बोलेना, घास उतरेना. यमुनाताई आल्या त्या वाचनालयातली कादंबरी घेऊन. काही न विचारता उशाशी बसल्या आणि वाचू लागल्या. मला हुंदका आला तेव्हा म्हणाल्या, “रड की. पर येवढं पान हून जाऊ दे.”

कादंबरी एका लहानशा गावाची. त्यात फारसं काही घडतच नसे. दोन म्हातारे शेजारी, वर्षानुवर्षं अबोला. वर्तमानपत्र मात्र अजून भागीदारीतलं. एकाचं वाचून झालं की तो ते कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडे टाकायचा. एके दिवशी पेपर येईना. पलीकडचा कासावीस झाला, पण विचारणार कसा? शेवटी मांजरीला म्हणाला, “मने, ज्याला ताप आलाय त्यानं सुंठ घ्यावी म्हणावं.” भिंतीपलीकडून उत्तर आलं, “मने, ताप न्हाई, चष्मा घावंना म्हणावं.” थोड्या वेळानं भिंतीवरून विचारणाऱ्याचा स्वतःचा चष्मा पलीकडे गेला, रुमालात बांधलेला.

पुस्तकात ते दोघे शुद्ध बोलत असणार. यमुनाताईंच्या तोंडी मात्र ते पक्के कुरुळीचे झाले होते. मला हसू फुटलं, आणि हसता हसताच मी मोकळेपणी रडले.

यमुनाताईंनी या वेळी अडवलं नाही. पुस्तक मिटून म्हणाल्या, “लिवणाऱ्यानं कुनाचं हसं केलं न्हाई बघ. खुळी हायेत, पर त्याची आपलीच हायेत.” मग पिठलं-भाताचं ताट पुढे सरकवलं. मी जेवले.

पुढे त्या कुरुळीला परत गेल्या. त्या वारल्याचं मला उशिराच कळलं. घरच्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांची सून सांगत होती, “शेवटी आत्याबाईंना हातरुणातून उठता यायचं न्हाई. बाया तोंड पाडून भेटाया यायच्या, दार लावून बसायच्या. आत आत्याबाईच बोलत असायच्या, गावातल्या एकेकाच्या गमती. बाया भाईर यायच्या त्या तोंडाला पदर लावून, डोळं पुसत. वैनी, आमाला शेवटपातुर कळलं न्हाई, त्या बाया रडत हुत्या का हसत हुत्या.”