ठाऊक होतं आणि कळलं

सरहद्दीवरच्या लारेडो गावात, चर्चमागच्या खोलीत एर्लिंदाबाई बावीस वर्षं दर शनिवारी स्पॅनिश बोलणाऱ्या कामगारांना इंग्रजी शिकवत आल्या होत्या. क्रियापदांचा तक्ता त्यांनी स्वतःच्या हाताने केलेला: डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे इंग्रजी. त्यात चूक आहे असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तरी बाईंनी ऐकलं नसतं.

सोमवारी दुपारी त्यांच्या वर्गातला निकानोर घराच्या दारात उभा राहिला. कांद्याच्या गोदामात तो फोर्कलिफ्ट चालवायचा. आदल्या आठवड्यात उतारावर ब्रेक लागला नाही आणि चाळीस पोती खाली आली. कुणाला लागलं नाही, एवढंच.

"बाई, उद्या दहाला बोलावलंय. नोकरी जाणार म्हणतात."

"का? तुझा काय दोष?"

त्याने आपल्या जबाबाची प्रत पुढे केली. इंग्रजीत, स्वतः लिहिलेला. बाईंनी वाचलं: ब्रेक खराब असल्याचं मला ठाऊक होतं.

"अरे गाढवा! ठाऊक असताना चालवलीस?"

"छे हो! पाय दाबला तेव्हा कळलं. सूपे! तुमच्या तक्त्यात सूपेसमोर जे आहे तेच लिहिलं मी." त्याने वही उघडून दाखवली.

साबिया म्हणजे ठाऊक होतं, सूपे म्हणजे कळलं. दोन्हींसमोर बाईंच्याच तक्त्यातून उतरवलेला एकच इंग्रजी शब्द होता: न्यू, म्हणजे नुसतं 'ठाऊक होतं'. बाईंनी वही मिटून त्याच्या हातात दिली. मग म्हणाल्या, "उद्या मी येते. शर्टाला इस्त्री कर."

गोदामाची व्यवस्थापक ओफेलिया त्यांच्याच गल्लीत वाढलेली, पण कचेरीत इंग्रजीखेरीज बोलायची नाही. मंगळवारी दहालाही ती इंग्रजीतच म्हणाली:

"बाई, कागद स्पष्ट आहे. त्याने कबूल केलंय."

"ओफेलिया," बाई सरळ स्पॅनिशमध्ये म्हणाल्या, "तुझी मुलगी पळून जाऊन लग्न करून आली, ते तुला साबियास की सुपिस्ते? आधी ठाऊक होतं, की तेव्हा कळलं?"

"सूपे!" ओफेलियाच्या तोंडून स्पॅनिशच निघालं. "ठाऊक असतं तर तंगड्या मोडल्या नसत्या तिच्या?"

"मग हेच इंग्रजीत 'न्यू' म्हणून लिहिलंस तर? लोक म्हणतील, आईची फूस होती."

ओफेलियाने चष्मा चढवला. कागद पुन्हा वाचला.

"त्याला शिकवलं कुणी असं?"

"मी," बाई म्हणाल्या. "चूक माझी. पेन दे त्याला."

निकानोरने ती ओळ खोडली. बाईंनी सांगितलेले दोन शब्द लिहिले: फाउंड आउट, म्हणजे कळलं. पुढे, उतारावर असताना.

"गुरुवारी सकाळच्या पाळीला ये," ओफेलिया म्हणाली. "आणि आधी ब्रेक बघ, मग बस."

शनिवारी बाईंनी तक्त्यात सूपेसमोरचं लाल शाईने बदललं. मागून निकानोरने विचारलं, "बाई, ही चूक तुम्हाला साबिया की सूपे?"

वर्ग हसला.

"सूपे," बाई म्हणाल्या. "सोमवारी. घ्या लिहून सगळ्यांनी."