मुदत किती?

“ऐका हो ऐका! कारखान्यातल्या समस्त जनांना, कॅन्टीनमधल्या माश्यांसह, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की मिस्त्री सही करत आहेत! सही पुरी होईपर्यंत कोणी शिंकू नये, पंखा लावू नये आणि देवाशपथ हसू नये!”

ही दवंडी मी पिटायचो. टेलेक्सच्या कागदाची पुंगळी तोंडाला लावून, एक पाय खुर्चीवर ठेवून. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. उरवड्याच्या बाजूला भात सडायच्या गिरण्या बनवणारा आमचा छोटा कारखाना होता आणि परदेशी जाणाऱ्या मशीनचे कागद बघणारा मी तिथला एकुलता एक कारकून. जिभेला हाड नाही, डोक्याला ताप नाही, असं ते वय.

मिस्त्री माझ्याकडे बघायचेही नाहीत. साबणाने धुतलेले हात ते पुन्हा खिशातल्या चिंधीला पुसायचे. आधी उजवा, मग डावा, मग बोटांच्या बेचक्या. पेनाच्या टोकावर फुंकर घालायचे. आणि व्हिसाच्या अर्जावर सही करण्याआधी, मान वर न करता, विचारायचे, “मुदत किती?”

हा प्रश्न ते सगळ्यांनाच लावत. खोकल्याच्या औषधाला, नव्या बेअरिंगला, बदलून आलेल्या मॅनेजरला. आमच्या टाइमकीपरने लग्न ठरल्याचे पेढे वाटले, तेव्हा मिस्त्रींनी पेढा तोंडात टाकला आणि गंभीरपणे विचारलं, “मुदत किती?” टाइमकीपर आठ दिवस त्यांच्याशी बोलला नाही. मी मात्र ती नक्कल पुढे महिनाभर करत होतो.

पन्नाशीचा माणूस. पौडच्या बाजारपेठेत घर, मुठ्याला भाताची दोन खाचरं. घरात ते, त्यांची बायको, म्हणजे आमच्या भाभी, आणि लग्नाला आलेली एक मुलगी. शाळा चौथीपर्यंत. पण गिरणी चालू असताना ते तिच्या अंगावर तळहात ठेवायचे, खाली पडलेला तांदळाचा एक दाणा उचलून दाताखाली धरायचे आणि सांगायचे, “डावीकडचा रूळ केसभर फुडं हाय.” मोजून बघावं तर केसभरच असायचा.

म्हणून तर आखातातल्या एका देशाने आमच्या चार गिरण्या घेतल्या आणि गिरण्यांच्या मागोमाग त्यांना मिस्त्रीही हवे झाले. देशाचं नाव सांगत नाही. तिथे तेव्हा शेजाऱ्याशी लढाई चालू होती, एवढंच सांगतो. दर दोन-तीन महिन्यांनी टेलेक्स खडखडायचा : मशीन आवाज करतं, मिस्त्री पाठवा.

आता मिस्त्री पाठवणं म्हणजे बटाट्याचं पोतं पाठवणं नव्हे. कामासाठीचा व्हिसा लागायचा आणि तो मिळायचा एकाच खेपेचा, तीस दिवसांचा. प्रत्येक वेळी तिकडच्या गिरणीचं बोलावणं, आमच्या साहेबांचं पत्र, चार फोटो आणि मुंबईला वकिलातीच्या जिन्यात माझे गुडघे. यात दोन-तीन आठवडे सहज जायचे.

पहिल्या वेळचा प्रसंग तर मी आजही वर्गणी न घेता करून दाखवतो. खिडकीतल्या साहेबाने विचारलं, “आपका बिझनेस क्या है?”

मिस्त्री म्हणाले, “बिझनेस कुछ नहीं साहब. नोकरी है.”

मागे मी घामाघूम. अर्ज बिझनेस व्हिसाचा, आणि हे सत्यवादी! मी कोपराने ढोसलं, तर मिस्त्री माझ्याचकडे वळून म्हणाले, “खोटं कशाला सांगू? धंदा हाय का माझा?”

खिडकीतला साहेब सुदैवाने हसला. त्याने विचारलं, “मशीन कितने दिन में ठीक होगी?”

“जितने दिन का शिक्का दोगे, साहब.”

हे उत्तर मी विनोद म्हणून कारखानाभर सांगितलं. तो विनोद नव्हता, हे मला ते दुसऱ्या खेपेहून परतल्यावर कॅन्टीनमध्ये समजलं. तिकडचा गिरणीमालक त्यांना सोडायलाच तयार नव्हता. रोज चहा पाजायचा आणि म्हणायचा, अजून पंधरा दिवस थांबा. “मग म्या काय केलं,” मिस्त्री बशीत चहा ओतत म्हणाले, “पासपोर्ट उघडून त्येच्या म्होरं ठिवला. शिक्क्यावर बोट. मुदत संपली! बसला गप. आवो, म्हैना म्हंजी दावं हाय माझं. गुरू चरत चरत कितीबी लांब जाऊं द्या, दाव्याच्या फुडं कसं जाईल?”

आम्ही टाळ्या दिल्या. सगळ्यांत मोठी टाळी माझी.

भाभींनी त्यांना वेगळ्या दाव्याने बांधलं होतं. प्रवासाला निघताना त्या त्यांच्या उजव्या दंडावर हिरव्या कापडात शिवलेलं एक नाणं बांधत. इमाम-जामीन. माणूस परत आला की पहिल्या शुक्रवारी नमाजानंतर भाभीच ते सोडायच्या आणि नाणं दानात जायचं. दंड मोकळा होईपर्यंत प्रवास संपला असं त्यांच्या घरी कुणी धरत नसे. मिस्त्री त्या दिवसांत मुठ्याच्या खाचराकडेही फिरकत नसत. “अजून वाटंतच हाय मी,” म्हणायचे.

पहिल्या खेपेहून त्यांनी आम्हा सगळ्यांना खजूर आणला. दुसऱ्या खेपेहून खजूर आणि एक बातमी आणली, की गिरणीच्या खिडक्यांच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्यात, फुल्या मारल्यासारख्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी सांगितलं की दाराशी वाळूची पोती रचलीत आणि हाताखालचे दोन कामगार गणवेश घालून कुठेतरी गेलेत. चौथ्या खेपेहून खजूरच आणला नाही. “बाजार बंद हुता,” एवढंच म्हणाले.

त्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीचा आमचा भोंगा वाजला आणि मिस्त्री हातातला पाना टाकून लेथखाली शिरले. गुडघे पोटाशी, दोन्ही हात डोक्यावर. भोंगा थांबला तरी ते निघेनात. मी काय केलं? मी पुंगळी घेतली. “ऐका हो ऐका! मिस्त्री लेथच्या पोटातला आवाज ऐकत आहेत!”

सगळे हसले. मिस्त्रीही बाहेर येऊन हसले. मग चिंधीने हात पुसत बसले, बराच वेळ, हात स्वच्छ असूनही.

अशात साहेबांनी मला आत बोलावलं. “दर खेपेला हा काय तमाशा? तिकडचे लोक तीन आठवडे वाट बघतात. वर्षभराचा काढा. कितीही वेळा जाता येईल असा.”

मी नाही म्हणू शकलो असतो. निदान कॅन्टीनमधली दाव्याची गोष्ट साहेबांना सांगू शकलो असतो. पण खरं सांगू? मला तो वकिलातीचा जिना नकोसा झाला होता. मी धावपळ केली, तिकडून खास पत्र मागवलं, खिडकीतल्या साहेबाशी गोड बोललो आणि वर्षभराचा, हव्या तितक्या खेपांचा व्हिसा घेऊन वरात निघाल्यासारखा कारखान्यात शिरलो. दवंडी पिटली. पासपोर्ट उघडून मिस्त्रींच्या पुढ्यात ठेवला.

त्यांनी हात पुसले. उजवा, डावा, बेचक्या. “मुदत किती?”

“वर्ष! आता कितीही वेळा जा, कितीही दिवस राहा. कोणी विचारणार नाही!”

ते शिक्क्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “म्हैन्याचा मिळंना का?”

“अहो, तुमच्यासाठी मरमर करून आणलाय!”

“व्हय, व्हय. लई चांगलं केलंत, भाऊसाहेब.” पासपोर्ट मिटून त्यांनी खिशात टाकला. “फकस्त आता बोट कशावर ठिवायचं, त्ये सांगा.”

मला ते कळलं होतं. कळलं नाही असं मी दाखवलं.

त्या व्हिसावर ते पहिल्यांदा गेले ते अडीच महिने राहिले. मालकानेच शिक्का वाचला आणि पासपोर्ट आपल्या कपाटात ठेवून घेतला, ‘सुरक्षित राहावा म्हणून.’ मिस्त्री परतले ते शनिवारी. दाढी वाढलेली, कानशिलावरचे केस पांढरे. बुधवारी टेलेक्स आला. पूर्वी असा टेलेक्स आला की मी म्हणायचो, थांबा, व्हिसा व्हायचाय. आता म्हणायला काहीच नव्हतं. साहेबांनी गुरुवारचं तिकीट काढलं.

मी तिकीट द्यायला पौडला गेलो. भाभी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. तिकीट बघून त्या उठल्याच नाहीत.

“उद्याच? भाऊ, शुक्रवार तरी जाऊं द्या की. ह्यांच्या दंडावरचं अजून सुटलं न्हाई.”

“मग सोडा की आत्ता,” मी म्हणालो.

“असं मधीच कसं सोडू? आन् जुनं ऱ्हायल्यावर नवं कसं बांधू?”

मी मिस्त्रींकडे बघितलं. ते दारात उभे होते. दंडावरचं हिरवं कापड घामाने काळं पडलं होतं. त्यांनी सुपातला एक दाणा उचलला, दाताखाली धरला आणि म्हणाले, “तांदूळ चांगला हाय. ऱ्हाऊ दे दंडावर. एक येणं तर अजून बाकीच हाय ना, त्येच्यातच ह्ये बी जाणं धर.”

मला जाताजाता एक थट्टा सुचली होती. ती मी केली नाही, आयुष्यात पहिल्यांदाच.

त्यानंतर टेलेक्स आला नाही. आम्ही पाठवत राहिलो, मशीन नुसतंच घुमायचं. वर्तमानपत्रात त्या गावाचं नाव एकदा छापून आलं, दोन ओळींत, आतल्या पानावर. साहेबांनी केबिनचं दार बंद करून घेतलं. भोंगा वाजला की आता आम्हीच एकमेकांकडे बघायचो आणि लेथकडे कोणी बघायचं नाही.

तीन महिन्यांनी एक जाड लिफाफा आला. आत एक पत्र होतं : गिरणीची इमारत पडली आहे, आपल्या माणसाचा शोध लागलेला नाही, ऑफिसचं लोखंडी कपाट तेवढं शाबूत मिळालं, त्यातली ही वस्तू परत पाठवत आहोत. आणि सोबत पासपोर्ट.

भाभींना निरोप धाडला. त्या दुपारी एसटीने आल्या, एकट्याच. माझ्या टेबलापुढे त्याच खुर्चीवर बसल्या, जिच्यावर पाय ठेवून मी दवंड्या पिटल्या होत्या. साहेब बाहेर येऊन उभे राहिले, कामगार दारात गोळा झाले. मी पत्र वाचून दाखवलं. शोध लागलेला नाही, हे वाक्य मी दोनदा वाचलं.

भाभी रडल्या नाहीत. पदराला हात पुसले. उजवा, मग डावा. पासपोर्ट जवळ ओढला, पानं उलटत शिक्क्यापाशी आल्या आणि त्यावर बोट ठेवून मला विचारलं, “मुदत किती?”

मी तारीख बघितली. “अजून चार महिने आहेत, भाभी.”

आणि त्या ताडकन उभ्या राहिल्या, साऱ्या कारखान्याला ऐकू जाईल अशा ओरडल्या, “मग ह्ये हितं कशाला आणलंत? परत धाडा तिकडं! ह्येच्याबिगर त्यांना घरी कोण येऊं दील?”