लेथवरचं अर्धं पेन

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं हेडफोन लावून बसलेल्या ऑपरेटरबाईंचे कान भलतेच तिखट. नुसत्या 'हॅलो'वरून त्या माणूस ओळखत. घरी स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे नवऱ्याचा लाकूड कातायचा लेथही तेवढीच वर्षं चालला, पण त्या खोलीत बाईंनी कधी पाऊल टाकलं नाही. भुशाचा तिटकारा. "तुमचा कचरा तुमच्यापाशी," म्हणायच्या आणि दार ओढून घ्यायच्या.

नवरा गेला तेव्हा लेथवर शिसवीचं एक पेन अर्धंच राहिलं होतं. खालचा भाग गुळगुळीत गोल, वरचा अजून चौकोनी. खोली आवरायला गेलेल्या बाईंनी ते हातात घेतलं. हे आपणच पुरं करायचं, एवढं त्यांनी ठरवलं.

धाकटी बहीण फोनवर म्हणाली, "ताई, ते मशीन विकून टाक. जागा तरी मोकळी होईल."

"जागा मोकळीच आहे गं," बाई म्हणाल्या.

मग त्या हात धुऊन फळकुटांच्या मागे लागल्या. पटाशी टेकवली की खडखड व्हायची, मध्येच अडकायची आणि तुकडा उभा चिरायचा. असे तेरा गेले. शिकवणारं कुणी नव्हतं. चुकतंय एवढं मात्र कान सांगत. ह्यांच्या हाताखाली लाकूड सरसर वाजायचं. मग लेथ गप्प व्हायचा, नुसती बारीक खसखस. स्वारी दम खातेय असं समजून बाई चहा टाकायच्या आणि ओरडायच्या, "झालं का दमून?"

एका दुपारी कोपऱ्यात धारेचा दगड सापडला, मधोमध खोलगट झिजलेला. बाईंनी त्यावर पटाशी घासून पाहिली. खसखस. अगं बाई, माणूस दम कुठला खात होता, धार लावत होता! इतक्या वर्षांत एकदा आत डोकावलं असतं तर? त्यांना स्वतःचा भयंकर राग आला.

पुढे महिनाभर धार, तुकडा, पुन्हा धार. शेवटी मन घट्ट करून त्यांनी ते अर्धं पेन लेथवर चढवलं, पटाशी टेकवली आणि लाकूड सरसर वाजू लागलं. तोच आवाज, हुबेहूब. ढलप्या मनगटावर पडत राहिल्या, चौकोन गोल होत गेला. शेवटचा हात फिरवण्याआधी बाईंनी लेथ थांबवला, पटाशी दगडावर घासली आणि नकळत कान भिंतीकडे लावले. आता पलीकडून येणार, "झालं का दमून?"

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. तिथून जी ऐकायची आणि ओरडायची, ती आता भिंतीच्या या बाजूला उभी होती.