शिंप्याच्या छपरावरून मॅच

भाजीबाजारात लिलाव पुकारून ज्याचा गळा तयार झाला, ज्याला सगळे भोंगाच म्हणत, तो रेडिओवर फुटबॉलची मॅच सांगणार म्हटल्यावर लोक पोट धरून हसले होते. खेळ चालू असतानाच बोलायचं, हे खूळच तेव्हा नवं. मैदानाच्या मालकाला ते मुळीच रुचलं नाही. घरबसल्या फुकट ऐकायला मिळालं तर तिकीट कोण काढणार? त्याने भोंग्याला फाटकातूनच पिटाळलं. मग स्वारी माइक आणि टेलिफोनची वायर घेऊन शेजारच्या शिंप्याच्या छपरावर चढली.

अंतिम सामन्याला मालकाने छपरापुढे उंच ताडपत्री ताणली. मैदान गडप. दिसत होती फक्त समोरच्या गॅलरीची वरची ओळ. त्यात रेडिओच्या साहेबांनी आधीच बजावलेलं, "आज गप्प बसलास की मी गाणी लावणार. पुढेही गाणीच." म्हणजे भोंग्याने पुन्हा कांदे पुकारायचे.

"मी तिकीट काढून त्या ओळीत बसते," बायको म्हणाली. "छत्री उघडली की आपला गोल. मिटलेली उंच धरली की त्यांचा."

"आणि मधलं?"

"ते तुम्ही रचा. लग्न ठरवताना कमी थापा मारल्यात?"

अर्धी मॅच अशी निभावली. आरोळ्यांच्या अंदाजाने भोंगा बॉल इकडून तिकडे पळवत होता. घामाने शर्ट पाठीला चिकटला. शिंपी खालून म्हणाला, "अहो, त्या बॉलला जरा दम खाऊ द्या."

आणि पाऊस आला. समोरच्या अख्ख्या ओळीने छत्र्या उघडल्या.

नेमकी तेव्हाच मैदानातून आरोळी उठली. गोल झाला होता. कुणाचा, देव जाणे. खोटं सांगावं, तर संध्याकाळी लोक दगड घेऊन येतील. गप्प बसावं, तर गाणी.

"मंडळी," तो चिरक्या आवाजात म्हणाला, "मला काही दिसत नाहीये. सुरुवातीपासूनच दिसत नव्हतं. आता तुम्हीच ऐका."

शिंप्याची कपडे वाळत घालायची काठी ओढून त्याने टोकाला माइक बांधला आणि ताडपत्रीवरून मैदानाकडे लांबवला. कानातल्या फोनवर साहेबांचा नुसता श्वास येत होता. आता लागणार गाणं, आता लागणार.

"हलवू नकोस," साहेब हळूच म्हणाले. "आणि मध्ये बोललास तर याद राख."

शेवटची शिट्टी होईपर्यंत भोंगा तसाच उभा राहिला. बायको छपरावर आली ती नखशिखांत भिजून.

"कोण जिंकलं गं?"

"ते. एवढ्या छत्र्यांत मी एकटीच मिटलेली धरून भिजत होते. दिसले नाही?"

काठीवर आखडलेली भोंग्याची बोटं तिलाच एकेक करून सोडवावी लागली.